बागेतला तुरुंग

महाराष्ट्रातून बंगळूरला जाणाऱ्या काही गाड्या यशवंतपूर स्थानकावरच थांबतात. पाटीवरचे नाव वाचून नवख्याला क्षणभर आपण साताऱ्याकडेच आहोत असे वाटते. जवळच म्हैसूर सँडल साबणाचा कारखाना आहे; मेट्रोच्या एका स्थानकाला त्याचेच नाव आहे. सहलीच्या यादीत लालबाग असते, विधानसौध असते. फ्रीडम पार्क मात्र सहसा नसते. वास्तविक यशवंतपूरहून मेट्रोने मॅजेस्टिक, तिथे गाडी बदलून पुढचेच सेंट्रल कॉलेज स्थानक, एवढाच हा प्रवास. मुलांना अवश्य न्यावे, पण त्यांच्या प्रश्नांची तयारी ठेवून.

२००८ साली सुरू झालेली ही बाग म्हणजे बंगळूरचे जुने मध्यवर्ती कारागृह. कैदी परप्पन अग्रहारच्या नव्या तुरुंगात गेले. मागे उरल्या उंच भिंती, मधला टेहळणी मनोरा आणि काही बराकी.

जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली, तेव्हा संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला आलेल्या वाजपेयी, अडवाणी आणि राजापूरचे खासदार मधु दंडवते यांना अटक होऊन याच तुरुंगात आणले गेले. पुढे रेल्वेमंत्री झाल्यावर दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर ज्यांनी गाद्या घातल्या, तेच हे दंडवते. पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात होत्या. दोघांची पत्रे या तुरुंगातून त्या तुरुंगात जात. बाहेरचे जग बंद होते, पण बोलायला सहकारी होते, वाचायला पुस्तके होती आणि पत्राची वाट पाहता येत होती.

स्नेहलता रेड्डींच्या वाट्याला हे आले नाही. 'संस्कार' या गाजलेल्या कन्नड चित्रपटात चंद्री साकारणाऱ्या या अभिनेत्रीला मे १९७६ मध्ये पकडून इथे एकट्या कोठडीत ठेवले. दम्याचा जुना विकार, औषधोपचाराची आबाळ आणि जवळ हाक मारायला कोणी नाही. रात्रीच्या शांततेत त्यांच्या किंकाळ्या आपल्याला ऐकू येत, असे दंडवत्यांनी पुढे लिहिले. तरीही या बाईंनी तुरुंगातल्या इतर स्त्रियांना होणाऱ्या मारहाणीविरुद्ध आवाज उठवला. प्रकृती ढासळल्यावर १५ जानेवारी १९७७ रोजी पॅरोलवर त्यांची सुटका झाली आणि पाचच दिवसांनी, २० जानेवारीला, त्यांचे निधन झाले.

एकांतवास म्हटला की मराठी माणसाला अंदमान आठवते आणि ती गोष्ट इंग्रजांबरोबर गेली असे वाटते. पण ही शिक्षा आजही आपल्या कायद्यात आहे. सक्तमजुरीबरोबर न्यायालय ती देऊ शकते; एकूण तीन महिन्यांपर्यंत, आणि एका वेळी चौदा दिवसांहून जास्त नाही. ही मर्यादा उगाच घातलेली नाही. माणसाचा सहवास तुटला की आधी झोप बिघडते, मग दिवस-रात्रीचा हिशेब चुकतो, भीती बसते, काहींना नसलेले आवाज ऐकू येतात. संयुक्त राष्ट्रांच्या नियमांनी २०१५ मध्ये सलग पंधरा दिवसांपलीकडचा एकांतवास निषिद्ध ठरवला आहे.

प्रत्यक्षात काय घडते? बंगळूरच्या न्यायालयाने २००६ मध्ये फाशी सुनावलेला एक कैदी बेळगावच्या हिंडलगा कारागृहात सुमारे दहा वर्षे एकट्या कोठडीत होता. फाशीच्या कैद्याला दयेचा अर्ज निकालात निघेपर्यंत असे एकटे ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच सांगितले होते, तरीही! गुन्हा भयंकर होता, त्याबद्दल दुमत नाही. पण या एकांतवासामुळेच नोव्हेंबर २०२२ मध्ये सरन्यायाधीश उदय लळित यांच्या खंडपीठाने त्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली आणि किमान तीस वर्षे तुरुंगातच राहावे लागेल अशी अट घातली.

फ्रीडम पार्कला गेल्यावर बराकींपाशी थोडे थांबावे. बंगळूरमध्ये धरणे-निदर्शनांसाठी ठरवून दिलेली जागाही हीच. त्यामुळे पुष्कळदा या जुन्या भिंतींच्या आत ध्वनिक्षेपकावरून घोषणा चालू असतात आणि कोठडीच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसालाही त्या स्पष्ट ऐकू येतात.