प्रवरेकाठी कॅमेरा घेऊन

नगरहून मनमाडच्या दिशेने निघालेली एसटी राहुरी मागे टाकते, उसाचे मळे दोन्ही अंगांनी रस्त्याला बिलगू लागतात आणि काही वेळाने प्रवरेचा पूल येतो. पुलाच्या अलीकडे कोल्हार खुर्द, पलीकडे कोल्हार बुद्रुक आणि त्याला लागून भगवतीपूर. गाडीतील बहुतेक मंडळी या वेळी शिर्डी किती राहिली, याची चौकशी करण्यात गुंतलेली असतात. त्यांच्या लेखी कोल्हार हे वाटेवरचे एक गाव. छायापत्रकारिता शिकणाऱ्या विद्यार्थ्याने मात्र येथेच उतरावे. ज्या गावाकडे कोणी मुद्दाम पाहत नाही, त्या गावात पाहण्याचा सराव चांगला होतो.

या विद्येच्या वर्गात आरंभीच दिली जाणारी एक कामगिरी ठरलेली असते. एखादे ठिकाण निवडायचे आणि मोजक्या छायाचित्रांत त्याची कथा सांगायची. त्यात एक दूरचे दृश्य हवे, म्हणजे स्थळाची ओळख पटते. एक मध्यम अंतरावरचे हवे, म्हणजे तेथे काय चालले आहे हे कळते. एक अगदी जवळचे, एखाद्या वस्तूचे किंवा कामात गुंतलेल्या हातांचे. एक व्यक्तिचित्र, आणि शेवटी कथा मिटवणारे एक दृश्य. ही झाली शिक्षकांसाठी काढायची छायाचित्रे. त्यांच्यासोबत विद्यार्थी स्वतःच्या ओढीनेही काही टिपत असतो. त्यांना गुण नसतात आणि मुदतही नसते. या दोन्हींच्या मधल्या जागेतच छायाचित्रकार घडतो. कोल्हारसारखे गाव ही गोष्ट फार स्पष्टपणे शिकवते.

पहिला पाठ पुलावरच मिळतो. रस्ता दक्षिणोत्तर, नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारी. त्यामुळे पुलावर उभे राहिले की सूर्य प्रवाहाच्या खालच्या अंगाला उगवतो आणि वरच्या अंगाला मावळतो. सकाळ-संध्याकाळ तिरपा, मऊ प्रकाश पात्रावर पसरतो. अशा वेळी साधे दृश्यही देखणे होते आणि विद्यार्थी त्यावर समाधान मानतो. परंतु नदीची गोष्ट देखणेपणाच्या पुढे आहे. प्रवरा सह्याद्रीत रतनगडाच्या परिसरात उगम पावते, अकोले आणि संगमनेरवरून इकडे येते आणि पुढे नेवासे तालुक्यात प्रवरासंगमाला गोदावरीत मिळते. याच नदीच्या काठी नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. याच नदीवर अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचे धरण बांधले गेले, ते १९२६ साली पूर्ण झाले. तेव्हापासून प्रवरेचे पाणी पात्रापेक्षा कालव्यांतून अधिक वाहू लागले.

म्हणून उन्हाळ्यात कोरड्या पात्राचे एक छायाचित्र काढून त्याखाली ‘दुष्काळ’ असे लिहिणे सोपे असले, तरी ते खरे असेलच असे नाही. त्याच दिवशी कालव्याला आवर्तन सुटलेले असू शकते आणि चार शेतांपलीकडचा ऊस हिरवागार डोलत असू शकतो. उलट पावसाळ्यात दुथडी भरलेल्या पात्राचे चित्र पाहून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची तहान कळत नाही. चित्र खोटे नसते, पण अपुरे असू शकते. ज्याला हे उमगले, तो पुलावर त्याच जागी, त्याच वेळी, ज्येष्ठात, भाद्रपदात, मार्गशीर्षात पुनःपुन्हा येतो. वर्गातली मुदत एका आठवड्याची असते. नदीला निदान एक वर्ष द्यावे लागते.

दुसरा पाठ नावांचा. वृत्तपत्राच्या कचेरीत छायाचित्राखालच्या मजकुराला ‘फोटोओळ’ म्हणतात. नवशिक्याला ती किरकोळ वाटते. कोल्हारात तिची परीक्षा होते. नदीच्या उत्तरेकडील कोल्हार बुद्रुक राहाता तालुक्यात, दक्षिणेकडील कोल्हार खुर्द राहुरी तालुक्यात. पुलावर दहा पावले इकडेतिकडे झाली की तालुका बदलतो. याच जिल्ह्यात पाथर्डी तालुक्यातही एक कोल्हार आहे, आणि कर्नाटकात विजयपूर जिल्ह्यात कृष्णेच्या काठी आणखी एक. शिवाय २०२४ साली अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. त्यामुळे जुने छायाचित्र आज छापताना ते केव्हाचे आहे हे सांगणे अगत्याचे ठरते. नुसते ‘कोल्हार येथील दृश्य’ अशी ओळ लिहिणारा विद्यार्थी वाचकाला कोठे नेऊन सोडील, याचा नेम नाही. गाव, तालुका, दिनांक आणि चित्रातील माणसाचे त्याने स्वतः सांगितलेले नाव, एवढ्या चार गोष्टी वहीत जागेवरच टिपून घेतल्या, तरच चित्र पुढे साक्ष म्हणून उभे राहू शकते.

गावातून जाणारा महामार्ग हा तिसरा पाठ. शिर्डीहून शनिशिंगणापूरकडे जाणाऱ्या भाविकांच्या गाड्या याच वाटेने धावतात. कडेला रसवंत्या, फुलांची आणि फळांची दुकाने, चहाच्या टपऱ्या. येथे गती टिपायला शिकावे. शटर क्षणभर अधिक वेळ उघडे ठेवून, जाणाऱ्या बैलगाडीसोबत कॅमेरा फिरवत नेला की गाडी स्पष्ट राहते आणि मागचा रस्ता रेषारेषांत विरघळतो. हंगामात उसाने लादलेले ट्रक व ट्रॅक्टर आणि त्यांच्या मागे थांबून राहिलेल्या गाड्या हे रोजचेच दृश्य. याच रस्त्यांवर चातुर्मास संपला की साधू-साध्वींचे पायी विहार दिसतात. आचार्य आनंदऋषीजी महाराजांचे जन्मगाव चिचोंडी शिराळ आणि समाधिस्थळ नगर, दोन्ही याच जिल्ह्यात असल्याने या वाटांना विहाराची जुनी ओळख आहे. पहाटेच्या धुक्यात पांढरी वस्त्रे आणि भरधाव वाहने एका चौकटीत येतात, तेव्हा ते चित्र सुंदर असते आणि काळजात धस्स करणारेही. येथे विद्यार्थ्याने थांबावे, सोबतच्या श्रावकांना विचारावे आणि नकार मिळाला तर कॅमेरा खाली करावा. प्रकाशझोत डोळ्यांवर टाकू नये, वाट अडवू नये. न काढलेले छायाचित्र हाही अभ्यासाचाच भाग आहे.

विचारून काढण्याची हीच शिस्त भगवतीपूरच्या देवीमंदिरातही लागते. नवरात्रात येथे गर्दी उसळते. यात्रा म्हटले की नवखा हात गुलाल, पाळणे आणि दिव्यांच्या माळा यांच्याकडे वळतो. अशी चित्रे दर वर्षी, दर गावी निघतात आणि परस्परांत सहज मिसळून जातात. थोडे मागे सरून पाहिले, की आईच्या खांद्यावर झोपलेले मूल, ओटीचे सामान पुन्हा पुन्हा मोजणारी म्हातारी, चपला सांभाळत बसलेला मुलगा दिसू लागतो. गर्दी तीच असते, पण या चित्रांतील माणसे दुसऱ्या कोणत्याही यात्रेत सापडणार नाहीत.

कोल्हारचा सर्वांत कठीण पाठ मात्र उसाच्या फडात आहे. जवळच लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले आणि आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून प्रवरानगरचे नाव झाले. शेतकऱ्यांनी स्वतः मालक होऊन कारखाना चालवण्याची ही वाट पुढे सगळ्या महाराष्ट्राने धरली. कारखान्याची चिमणी, गव्हाणीत पडणारा ऊस, साखरेची पोती ही छायाचित्रे नेमून दिलेल्या कामगिरीत सहज बसतात.

पण तो ऊस तोडतो कोण? दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून आणि याच जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव भागांतून टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर कष्टून फेडायची असते. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. माणसांची ओळखच हत्याराच्या नावाने होते. उजाडण्यापूर्वी फडात उतरायचे, ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या. राहायला पाचटाच्या किंवा प्लास्टिकच्या कोप्या. सोबत लहान मुले, ज्यांची शाळा गावाकडे राहिलेली असते. पाथर्डीच्या कोरड्या माळावरून आलेला माणूस प्रवरेच्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडतो. एकाच जिल्ह्याची ही दोन टोके फडात समोरासमोर येतात.

येथे दूरचे, मध्यम, जवळचे हा क्रम पाठ असून भागत नाही. पहाटेचा निळसर उजेड, चुलीचा धूर, कोयत्याची चकाकणारी धार, सगळेच चित्रमय असते आणि भुरळ घालणारे असते. त्या भुरळीत माणूस निव्वळ दृश्याचा भाग होऊन बसतो. यावर उपाय फार साधा आहे. पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेवावा. टोळी कोणत्या गावची, किती वर्षे येते, घरी कोण मागे राहिले, हे विचारावे आणि ऐकावे. दुसऱ्या दिवशी बहुधा तीच माणसे विचारतात, की फोटो कधी काढणार? पी. साईनाथ यांनी ग्रामीण स्त्रियांच्या श्रमांवरील छायाचित्रांचे प्रदर्शन देशभर नेले, तेही दहा वर्षांच्या भटकंतीनंतर. डोळ्यांसमोर असूनही न दिसणारे काम दाखवायचे, तर दाखवणाऱ्यालाच आधी तेथे पुरेसा वेळ घालवावा लागतो.

स्वतःसाठी काढलेल्या छायाचित्रांचे मोल किती, याचे मोठे उदाहरण मुंबईचे आहे. भारतातील पहिल्या महिला छायापत्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला १९३०च्या दशकात जे. जे. कलाशाळेत शिकत होत्या. छायाचित्रण त्या माणेकशॉ व्यारावाला यांच्याकडून शिकल्या, पुढे त्यांच्याशीच विवाह झाला. महिला मंडळाच्या एका सहलीची त्यांची छायाचित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये छापून आली आणि प्रत्येक छायाचित्राला एक रुपया मिळाला. आरंभीची काही छायाचित्रे माणेकशॉ यांच्या नावाने प्रसिद्ध झाली, कारण तेव्हा होमाईंचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. पुढे दिल्लीत त्यांनी नेहरूंपासून स्वातंत्र्याच्या सोहळ्यांपर्यंत इतिहास टिपला आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पण त्यांच्या आरंभकाळाकडे पाहताना आज मन खिळते ते कलाशाळेतील सहाध्यायिनींच्या आणि मुंबईच्या रस्त्यांवरील छायाचित्रांवर. त्या मुली कॅमेऱ्यासमोर संकोचलेल्या नाहीत, कारण कॅमेऱ्यामागे त्यांचीच मैत्रीण आहे. १९७० च्या सुमारास होमाईंनी हे काम सोडले. नव्या छायाचित्रकारांच्या वर्तनातील मर्यादाभंग त्यांना रुचला नव्हता, हे त्यांनी नंतर मुलाखतींतून सांगितले.

दुसरे उदाहरण याच जिल्ह्याचे, स्थिर चित्राचे नव्हे तर चलच्चित्राचे. नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचे शिक्षण घेताना नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या एका गरीब मुलाची ती कथा. तिला पुढे राष्ट्रीय पुरस्कार लाभला. वर्गातली कामगिरी आणि मनातला विषय एक झाले, की विद्यार्थ्याच्या हातूनही असे काम होऊ शकते. त्यासाठी दूर जावे लागत नाही, जवळचेच नीट पाहावे लागते.

मराठीत आपण छायाचित्र ‘काढतो’, हिंदीत ते ‘खींचते हैं’. शब्द कोणताही असो, समोरच्याचे काहीतरी घेतले जाते हे खरे. घेतले की देणे लागते. शिक्षकांचे देणे गुणपत्रिकेबरोबर फिटते. चित्रातील माणसाचे देणे तीन प्रकारचे असते. आधी त्याची अनुमती, मग त्याचे नाव अचूक लिहिणे, आणि शेवटी त्याच्या चित्राची एक प्रत त्याच्या हाती पोचवणे.

हे तिसरे देणे कोल्हारात फार दिवस मागे ठेवता येत नाही. उन्हे तापू लागतात, फड संपत येतात आणि एक दिवस कारखान्याचा पट्टा पडतो. दोन-चार दिवसांत कोप्या मोडल्या जातात, भांडीकुंडी आणि मुले गाडीत चढतात आणि टोळी गावाकडे निघते. पुढच्या हंगामी ती याच कारखान्याला येईल, असे नाही. म्हणून छापलेली छायाचित्रे पाकिटात घालून विद्यार्थ्याने पट्टा पडण्याआधी फडावर जावे. मोबाइलवर पाठवलेले चित्र मोबाइल बिघडला की जाते. कागदावरचे चित्र पत्र्याच्या पेटीत, साडीच्या घडीत जपले जाते. पुष्कळ कुटुंबांकडे पूर्ण घराचे, सगळ्यांचे मिळून असे एकही छायाचित्र नसते. ते हाती आले की आधी मुले ओळखली जातात, मग हसू फुटते, मग ते एकमेकांच्या हातांतून फिरते.

त्या वेळी पुन्हा कॅमेरा काढण्याचा मोह होईल. तो आवरावा, आणि दिलेला चहा घेऊन पुलाच्या दिशेने परतावे.