फोटोच्या पाठीवरची पेन्सिल

प्रिय मामा,

दिवाळीपासून तुझ्याकडून मला एकच शब्द येतो आहे, छान. ठोसेघरच्या दरीत उतरणारा पाऊस पाठवला, छान. पहाटेच्या धुक्यात सज्जनगडाचा नुसता माथा वर राहिला होता तो पाठवला, छान. म्हणून परवा मुद्दाम एक असा फोटो पाठवला ज्यात क्षितिज कलंडलं आहे, अर्धं आभाळ पांढरंफटक जळून गेलं आहे आणि कोपऱ्यात बॅगेचा पट्टा लोंबतो आहे. त्यालाही छान, आणि सोबत अंगठा. मामा, हे काय चाललंय तुझं? रागावला असशील तर सांग. थकला असशील तर तेही सांग. पण पाहुण्याची बोळवण करावी तशी माझी करू नकोस.

फोटो बघण्याआधी तू काय करायचास, आठवतं? प्रिंट हातात घ्यायचास ती उलटी. मी तिथे उभी राहून काय बघितलं ते पाठीवर पेन्सिलीने एका ओळीत लिहिलेलं असलं पाहिजे, हा तुझा नियम. ‘सूर्यास्त’ एवढंच लिहिलेलं तुला चालायचं नाही. सूर्य रोज मावळतो, तू काय बघितलंस ते लिही, म्हणायचास. मग मी खोडून लिहायची, ‘पाणी अंधारात गेलं तरी पलीकडच्या डोंगराचा माथा अजून उन्हात होता.’ तेव्हा कुठे प्रिंट सुलटी व्हायची. पुढचं सगळं बोलणं त्या ओळीला धरून. माथा उन्हात आहे म्हणतेस, मग तो एवढासा का? निम्मी जागा आभाळाला दिलीस, त्या आभाळात आहे काय? काळ्या पुठ्ठ्याचे ते दोन काटकोनी तुकडे काढायचास, प्रिंटवर ठेवून चौकट लहानमोठी करायचास, आणि माझाच डोंगर माझ्यासमोर जागेवर यायचा. त्यानंतर माझे फोटो अनेकांनी तपासले. कुणी एक तृतीयांशाचा नियम सांगितला, कुणी लेन्सची किंमत विचारली. मी काय बघितलं हे विचारणारा तू एकटाच निघालास.

कासचा तो फोटो घे. सप्टेंबर, सीतेची आसवं जांभळ्या रंगाने पसरलेली, अधूनमधून सोनकीचा पिवळा. मी वाइड अँगल लेन्स जवळजवळ जमिनीला टेकवून काढला होता. घरात सगळ्यांनी कौतुक केलं. तू बराच वेळ बघत राहिलास आणि विचारलंस, “यात सडा कुठाय?” मला प्रश्नच समजला नाही. मग तू सांगत बसलास. कासला ही फुलं का येतात? खाली जांभ्याचा कातळ, वर मातीचा पातळ थर. मोठ्या झाडाला मूळ धरता येत नाही, म्हणून ती जागा या इवल्या झाडांना मिळते. त्या मातीत पोषण इतकं कमी की सीतेची आसवं पाण्यातले बारीक जीव पकडून खातात. कातळ दाखवला नाहीस तर हा कुठल्याही बागेतला वाफा आहे, म्हणालास. मी पुन्हा गेले. काळ्या ओल्या दगडाच्या कडेने, जिथे माती संपते आणि फुलंही थांबतात, तिथे बसले. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि लोकांची रीघ लागली. तिथले फोटो जिकडेतिकडे दिसतात, आणि मी अजून प्रत्येकात आधी दगड शोधते. ही सवय तुझी.

‘पुन्हा जा’ हे तुझं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं. तुझं पोट लग्नांच्या आणि पासपोर्टच्या फोटोंवर चालायचं. लग्नातला फोटो हुकला तर पुन्हा लग्न लावता येत नाही, डोंगर मात्र थांबतो, म्हणायचास. आता तेवढं खरं राहिलेलं नाही, मामा. यवतेश्वरच्या घाटातून तू सातारा शहर टिपायचास, तिथून कॅमेरा लावला तर आता आधी इमारती येतात. म्हणून तुझ्या जुन्या निगेटिव्ह मी स्कॅन करून ठेवते आहे. पण ते वेगळं.

एडिटिंगला तू कधी नाक मुरडलं नाहीस, याचे मी किती आभार मानू? तुझ्या वयाचे कितीतरी लोक म्हणतात, कॉम्प्युटरवर बदललेला फोटो म्हणजे फसवणूक. तू मला तुझ्या डार्करूममध्ये नेलंस. लाल दिवा, हायपोचा वास, आणि एन्लार्जरखाली तुझे हात. तारेला चिकटवलेला पुठ्ठ्याचा गोल तुकडा हलवत सावली उजळायचास, दोन्ही तळव्यांमधल्या फटीतून जास्त उजेड सोडून आभाळ गडद करायचास. आज स्क्रीनवर मी ज्या हत्यारांनी हेच करते त्यांची नावंसुद्धा डॉज आणि बर्न आहेत. हात कुठे लावायचा हे फोटो आधी नीट वाचल्याशिवाय कळत नाही, हे मी तिथे शिकले.

धुक्याची गोष्ट आठवते? सॉफ्टवेअरमध्ये धुकं काढायची पट्टी आली तेव्हा मी ती पावसाळ्यातल्या प्रत्येक फोटोवर ओढत होते. दरीतलं सगळं लख्ख दिसायला लागलं म्हणून मी खूश. तू म्हणालास, दरी उथळ झाली. पुढची रांग गडद, तिच्यामागची फिकट, त्यामागची आणखी फिकट, एवढ्यावरच तर डोळ्याला अंतर कळतं. तो फरक पुसला की पाच कोसांवरचा डोंगर अंगणात येऊन बसतो. तसाच हिरवा. श्रावणातला फोटो भडक करून आणला की तुझा प्रश्न असायचा, “हा हिरवा कुणाचा?” लावणीनंतरच्या भाताचा पोपटी वेगळा, कारवीचा काळपट वेगळा, दगडावरच्या शेवाळाचा वेगळा. एकच पट्टी उजवीकडे ओढली की तिघांची ओळख जाते. तेव्हापासून मी पिवळ्या आणि हिरव्या रंगछटा वेगवेगळ्या हाताळते, आणि बऱ्याचदा वाढवण्याऐवजी कमी करते.

क्षितिजाचंही तसंच. आपल्या सह्याद्रीत लाव्हाचे थर आडवे, माथे सपाट, त्यामुळे चौकट जराशी कलली तरी लगेच खुपते. पण पठाराची कड लांब जाताना आपोआपच उतरती दिसते, तिच्या भरवशावर फोटो सरळ केला तर तो उलट वाकडा होतो. बामणोलीला शिवसागराच्या काठावरचा फोटो मी असाच फिरवत बसले होते. तू पाण्यावर बोट ठेवलंस. झाडाचा शेंडा आणि त्याचं प्रतिबिंब एकाच उभ्या रेषेत यायला हवं, ते बघ, बाकी कशावर विश्वास ठेवू नकोस. कुठल्या पुस्तकात वाचलं होतंस हे? की तुला असंच दिसलं होतं?

आणि आपलं ते भांडण. अजिंक्यताऱ्याच्या फोटोतून मी विजेची तार काढून टाकली होती, दोन मिनिटांचं काम. तू प्रिंट परत केलीस. मी चिडून म्हणाले, नवरीच्या गालावरचा व्रण तू स्वतः निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून घालवायचास, तेव्हा कुठे गेलं होतं हे तत्त्व? तू शांतपणे म्हणालास, “तसं नवरीने सांगितलेलं असतं. डोंगराने सांगितलंय का?” मला अजून वाटतं की एखादी तार काढली म्हणून डोंगर खोटा होत नाही. पण तार दिसली की मी आता आधी जागा बदलून बघते. बहुतेक वेळा तेवढ्यात काम होतं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. मामीने मला सगळं सांगितलं आहे. तू कुठला सांगतोयस.

मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी एका डोळ्याचं झालं, आणि दुसऱ्याचं होईपर्यंत तू गॅलरीत उभा राहून आळीपाळीने एकेक डोळा झाकत होतास म्हणे. एका डोळ्याला समोरची चुन्याची भिंत पांढरी, दुसऱ्याला जुन्या वर्तमानपत्रासारखी पिवळट. मग तू माझ्या प्रिंटांची ट्रंक उघडलीस. बामणोलीचीच एक पहाट होती तिच्यात. तिच्याबद्दल तू म्हणाला होतास, सावल्या पिवळ्या पडल्यात, निळ्या कर. मी त्या केल्या होत्या. नव्या डोळ्याला ते पाणी नीळ कालवल्यासारखं दिसलं. तू ट्रंक बंद केलीस आणि मामीला म्हणालास, पोरीला मी इतकी वर्षं खोटे रंग शिकवले.

मामा, मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं आणि निळा उजेड अडवतं. हे इतक्या सावकाश होतं की ज्याचा डोळा त्यालाही पत्ता लागत नाही. यात खोटेपणा कुठे आला? तुला जे दिसत होतं तेच तू सांगत होतास. क्लोद मोनेचंही हेच झालं होतं. 1923 साली, वयाच्या 82 व्या वर्षी त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि जग फारच निळं दिसतं म्हणून तो कुरकुरत राहिला. रंगीत काचांचे चष्मे लावून बघितले. पण कमळांच्या तळ्याची ती प्रचंड चित्रं त्याने सोडली नाहीत. तो गेल्यावर 1927 साली ती पॅरिसमध्ये लोकांसाठी लागली, अजून तिथे आहेत. बरं, तो चित्रकार होता म्हणशील. मग तुझ्या कपाटात ज्याचं ‘द प्रिंट’ आहे तो अॅन्सेल अॅडम्स? न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र त्याने 1941 साली टिपला. निगेटिव्ह एकच. सुरुवातीच्या प्रिंटांत आभाळ करडं, त्यात पुसट ढग. पुढच्या काळातल्या प्रिंटांत तेच आभाळ जवळजवळ काळं. माणूस बदलत गेला तसं आभाळ बदललं. आधीच्या प्रिंटा खोट्या होत्या असं कुणी म्हणत नाही. या दोन प्रिंटा शेजारी ठेवून हे मला तूच दाखवलं होतंस!

आणि रंग तू शिकवलास तरी किती? मागच्या खेपेला तू झोपलेला असताना मी त्या ट्रंकेतल्या सगळ्या प्रिंटा उलट्या करून वाचल्या. प्रत्येकीवर माझी एक ओळ आणि तिच्याखाली तुझं बारीक अक्षर. ‘उजवीकडचा दगड अर्धा कापला आहे, पूर्ण घे नाहीतर सोड.’ ‘उभी राहून काढलास. बस.’ ‘ढग पुढे सरकेपर्यंत थांबायला हवं होतंस.’ ‘कडा आधी बघ, मधलं आपोआप दिसतं.’ ‘इथे तू मजेत होतीस, ते कळतं.’ रंगाबद्दलच्या सूचना मुद्दाम शोधाव्या लागल्या. त्या चुकल्या असतील तर बिघडलं काय? माझ्याकडे प्रत्येक फोटोची रॉ फाइल आहे. व्हाइट बॅलन्स हा तिच्यावर नंतर चढवायचा आकडा, मनात येईल तेव्हा बदलता येतो. बामणोलीची पहाट मी पुन्हा उघडली, पाणी जरा उबदार केलं, नवी प्रिंट काढली. स्क्रीनचा रंग बरोबर आहे की नाही हे तपासायचं यंत्र मिळतं, ते मी घेतलं आहे. पण मी उभी आहे तिथे मी बसायला हवं होतं, हे सांगणारं यंत्र मी कुठून आणू?

तुझ्या स्टुडिओत काउंटरच्या मागे, गिऱ्हाइकांच्या पासपोर्ट फोटोंशेजारी माझी एकेक प्रिंट आठवडाभर उभी असायची. येता-जाता तू तिच्याकडे बघायचास. मी बटण दाबलेलं असायचं एका क्षणात, आणि तू तिला आठवडा द्यायचास. मी स्वतः माझ्या फोटोला कधी इतका वेळ दिला नव्हता. तुझं बोलणं कधीकधी फार लागायचं, घरी जाऊन मी रडलेसुद्धा आहे. पण हा माणूस माझं डोळ्यांत तेल घालून बघतो आहे, हे मला त्या रडण्यातही कळत होतं. ‘छान’मधून मला काय कळायचं? तू बघितलंस हे तरी?

आता माझ्याकडे काही मुलं-मुली फोटो दाखवायला येतात. परवा एका मुलीने राजगडाच्या बालेकिल्ल्याचा फोटो दाखवला, ढगांचा समुद्र वगैरे. मी विचारलं, तू काय बघितलंस? ती गप्प झाली. नंतर हळूच म्हणाली, वर पोचेपर्यंत मला खूप भीती वाटली होती. त्या फोटोत भीती कुठेच नव्हती. चढावरची ती अरुंद वाट फ्रेमच्या बाहेर राहिली होती. आम्ही त्यावर कितीतरी वेळ बोललो. ती पुन्हा जाणार आहे. तुझं नाव मी तिला सांगितलं आहे.

पोस्टाने तीन प्रिंटा पाठवल्या आहेत, मॅट कागदावर. पाठीवर माझ्या ओळी आहेत, खाली तुझ्यासाठी जागा सोडली आहे. दोन कृष्णधवल आहेत. तिसरी रंगीत आहे, आणि तिच्या रंगांबद्दलही मला तुझं मत हवं आहे, या नव्या डोळ्यांचं. ती चाळकेवाडीच्या पठारावरची. पवनचक्क्या तुला आवडत नाहीत हे ठाऊक आहे, पण वाळलेल्या गवतावर त्यांच्या सावल्या फिरतात तेच मला बघायचं होतं, आणि पाठीवर मी तेच लिहिलं आहे. डावीकडची पवनचक्की चौकटीत अर्धी कापली जाते. पूर्ण आत घेतली तर रस्ता आणि चहाची टपरी येते, सोडून दिली तर सावली कुणाची तेच कळत नाही. क्रॉप करून सुटत नाही, करून बघितलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाते आहे. कुठे उभी राहू?

तुझी भाची