दुपारी बंद पडणारा कॉम्प्युटर

ईद होऊन पंधरा दिवस झाले होते. एप्रिलमधली जतची दुपार कशी असते ते जतकरांना सांगायला नको, आणि बाहेरच्यांना सांगून कळत नाही. पत्रा तापलेला, पंखा गरम हवाच फिरवत होता आणि आम्ही आठवीच्या उर्दूचा वार्षिक पेपर इनपेजमध्ये टाइप करत बसलो होतो. शेवटचा निबंधाचा प्रश्न तेवढा राहिला होता. तेवढ्यात पडदा काळा झाला. वीज गेली म्हणावं तर पंखा सुरूच. पेपर सेव्ह केलेला नव्हता.

त्या आठवड्यातली ही तिसरी वेळ. राग कुठेतरी काढायला हवा होता, आणि समोर आमचा अकरावीतला मुलगा आला. मिरजेहून त्याचे मामू आले होते, त्यांच्यादेखत आम्ही त्याला म्हणालो, "रात्र रात्र गेम खेळून तूच वाट लावलीस याची."

"अब्बा, मैं कुछ नै किया," तो म्हणाला.

आम्ही माउस काढून कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली. वर्गात कुणाची वही हरवली तर आम्ही आधी चार मुलांना विचारतो, मग बोलतो. वीस वर्षं हा नियम पाळला. घरात पाळला नाही. मुलगा चार दिवस जेवायला येई, खाली मान घालून जेवे आणि उठून जाई.

एका दुरुस्तीवाल्याला दाखवलं. त्याने डबा उघडलाही नाही. बटण दाबून पाहिलं आणि मदरबोर्ड गेला, साडेसहा हजार लागतील म्हणाला. कॉम्प्युटर 2014 सालचा, चौथ्या पिढीचा आय-थ्री. त्यावर एवढे पैसे घालावेत की नवाच घ्यावा, असा हिशेब आम्ही रात्री मांडत होतो. मुलांची अम्मी शेजारी तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "फजरनंतर तुम्ही दोन-दोन तास काम करता तेव्हा हा बंद पडत नाही. दुपारीच पडतो. बोर्ड जळालेला असता तर सकाळी कसा चालला असता?"

बीएड करताना निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष असं सगळं आम्ही पाठ केलं होतं. तरीही हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं.

आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यात कॉम्प्युटरच्या कामात आहे. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "सर, सुरू करताना डिलीटचं बटण दाबत राहा, बायोस उघडेल. तिथे प्रोसेसरचं तापमान दिसेल, ते सांगा." पाहिलं तर 92 अंश. काहीही काम चालू नसताना. त्याने समजावलं की प्रोसेसर साधारण शंभराच्या आसपास गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही तापत राहिला तर जळू नये म्हणून कॉम्प्युटर स्वतःच बंद होतो. "तो बिघडला नाही सर, जीव वाचवतोय. वरची पेस्ट वाळली असणार."

ही कसली पेस्ट, ते आम्हालाही तेव्हाच कळलं. प्रोसेसरवर धातूचं चौकोनी झाकण असतं, आणि त्याची उष्णता ओढून घ्यायला वर अॅल्युमिनियमच्या पात्यांचा कूलर आणि त्यावर पंखा. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना आरशासारखे सपाट दिसतात, पण बारीक पाहिलं तर खड्डे आणि ओरखडेच. कूलर कितीही दाबून बसवला तरी त्या खड्ड्यांत हवा उरते, आणि उष्णता वाहून नेण्यात हवेसारखी आळशी वस्तू नाही. तांब्यातून उष्णता हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पट सहज जाते. म्हणून मध्ये पेस्ट लावतात. सिलिकॉनच्या तेलात झिंक ऑक्साइडसारखी बारीक पूड मिसळलेली असते. हेच झिंक ऑक्साइड घामोळ्यांवर लावायच्या कॅलामाइनमध्येही असतं. वर्षानुवर्षं तापून त्यातलं तेल निघून जातं आणि मागे कोरडी पूड राहते. पुन्हा हवा शिरते.

दुकानासाठी सांगलीला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. पेस्टची छोटी सिरिंज ऑनलाइन मागवली, दोनशे रुपयांच्या आत आली. सोबत आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली. बाटलीवरचं नाव आम्ही मोठ्याने वाचलं आणि आमच्या अम्मीने जपमाळ थांबवून विचारलं, "घरात काय आणलंस हे?" कोरोनात आपण हाताला चोळायचो त्यातल्या काही सॅनिटायझरमध्ये हेच असायचं, ही पुसायची वस्तू आहे, असं सांगितल्यावर माळ पुन्हा सुरू झाली.

आता डबा उघडायचा तर बारीक स्क्रू आम्हाला चष्मा लावूनही दिसेनात. मुलाला हाक मारावी लागली. तो टॉर्च घेऊन आला, काही बोलला नाही.

झाकण निघालं तेव्हा कूलरची पाती दिसलीच नाहीत. त्यांच्यावर माळावरच्या धुळीची घोंगडीच पसरली होती. "दो म्हैने पैलेच बोला था," मुलगा हळूच म्हणाला, "पंखा आवाज करतोय, आतून साफ करू का." खरंच विचारलं होतं. आम्ही म्हणालो होतो, हात लावायचा नाही.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. आम्ही ब्रश मागितला.

विद्यार्थ्याच्या सूचना कागदावर लिहून घेतल्या होत्या. आधी पाच मिनिटं चालू ठेवून कूलर कोमट करायचा, म्हणजे जुनी पेस्ट सैल होते. मग बंद करून वायर काढायची, डब्याच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची. पंख्याची वायर सोडवायची, कूलरचे चारही काळे पाय बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढायचे. कूलर सरळ उपसायचा नाही, थोडा डावीकडे-उजवीकडे पिळून सोडवायचा. आमच्या जातीच्या प्रोसेसरवर लोखंडी पट्टी असते, तो जागचा हलत नाही. पण काही एएमडी प्रोसेसर कूलरला चिकटून वर येतात आणि त्यांच्या खालच्या सुया वाकतात, असं त्याने बजावलं होतं.

खाली वाळलेल्या चुन्यासारखे पोपडे होते. अल्कोहोलने चष्म्याचं कापड ओलं करून पुसत गेलो तसं चकचकीत झाकण दिसू लागलं. ते तांब्याचं असतं, वर निकेलचा मुलामा दिलेला, हे कळल्यावर आम्हाला आमचे दादा आठवले. ते बाजारोबाजार फिरून तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करायचे. आम्ही लहानपणी मोठ्या हंड्यात उतरून, वाळू टाकून, पायांनी गरगर फिरत हंडा आतून घासून द्यायचो. मग दादा भात्याने निखारे फुलवत, तापल्या भांड्यात नवसागर टाकत, पांढरा धूर उठे, आणि कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने ते असे फिरवत की क्षणात आतला रंग चांदीसारखा. आम्हाला वाटे, जास्त कथील लावलं तर जास्त दिवस टिकेल. दादा म्हणत, भांडं घासण्यात मेहनत घाल, कथील पुसट लागलं तरी चालेल.

हे आठवूनसुद्धा आम्ही पेस्ट भरपूरच पिळली. बोटाने पोळीवर तूप पसरावं तशी पसरली. कूलर ठेवून दाबला तर चारी बाजूंनी पेस्ट बाहेर. सुरू केला, चार मिनिटांत 96. आधीपेक्षा वाईट.

फोनवर विद्यार्थी हसला. "सर, पेस्ट ही हवेपेक्षा बरी, पण धातूपेक्षा शंभर पटींच्या आसपास वाईट. खड्डे भरण्यापुरतीच हवी. पण तेवढ्याने 96 नाही होणार. पाय नीट बसलेत का बघा." मुलाने टॉर्च खाली धरला. चारातला एक पाय लोंबकळत होता, कूलर एका कोपऱ्याला उचललेला होता. घाईत आम्ही एका बाजूचे दोन पाय आधी दाबले होते.

एकदा उचललेला कूलर त्याच पेस्टवर पुन्हा ठेवायचा नसतो, मध्ये हवेचे बुडबुडे राहतात. सगळं पुन्हा पुसलं. यावेळी धाकटीला बोलावलं. ईदच्या चांदरातीला आळीतल्या निम्म्या मुलींच्या हातांवर मेहंदी तिनेच काढली होती. कोन किती दाबायचा हे तिच्या बोटांना कळतं. तिने मधोमध एक टिपका सोडला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. "बस?" "बस." पसरवायचा नाही, कूलरच्या दाबाने तो आपोआप पसरतो. मुलाने कूलर सरळ वरून ठेवला आणि पाय तिरपे दाबले, एक या कोपऱ्याचा, मग समोरच्या कोपऱ्याचा. टक्, टक्, टक्, टक्. चारही आवाज आम्ही मोजले.

बायोसमध्ये 54. दहा मिनिटं थांबलो. 55.

रात्री गेम खेळल्याने प्रोसेसर तापतो हे खरं आहे. पण पेस्ट ओली असती आणि पात्यांत धूळ नसती तर तो तापून पुन्हा निवलाही असता. अकरा वर्षांत आम्ही एकदाही झाकण उघडलं नव्हतं, आणि ज्याने उघडू का विचारलं त्यालाच दोषी ठरवलं होतं.

मगरिबनंतर जेवताना आम्ही मुलाला म्हणालो, "बेटा, चूक आमची होती. मामूंसमोर बोललो, ते त्यांनाही फोन करून सांगतो." त्याने फक्त "जी अब्बा" म्हटलं आणि सालन वाढून घेतलं. फोन आम्ही त्याच्यासमोरच लावला. मामू पलीकडून बराच वेळ हसत होते, ते ऐकून तोही हसला. कपाटाची किल्ली आम्ही ताटाजवळ ठेवली.

उर्दूचा पेपर दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोन वाजता पुन्हा टाइप केला. मुलगा मागे उभा राहून दर पाच मिनिटांनी सेव्ह करायला सांगत होता.

सिरिंजमध्ये अजून बरीच पेस्ट शिल्लक आहे. शाळेच्या संगणक कक्षातली दोन यंत्रं दुपारच्या तासाला बंद पडतात म्हणून कोपऱ्यात सरकवून ठेवली आहेत, हे नंतर आठवलं. मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला आहे. परवानगी मिळाली की सुट्टीत एक सकाळ टॉर्च, ब्रश आणि दोन्ही मुलांना घेऊन जायचं ठरलं आहे.