घरात सांडलेला पारा

पुतण्याच्या अंगात दुपारपासून ताप होता. संध्याकाळी पुन्हा मोजावा म्हणून वहिनीने थर्मामीटर झटकला आणि तो पलंगाच्या कडेवर आपटला. टोकाचा काचेचा फुगा फुटला, पाऱ्याचे चकचकीत मणी फरशीभर पळाले. माझ्या आईने लगेच केरसुणी उचलली.

“आई, झाडू नका! आणि तिथून हलूही नका,” वहिनी म्हणाली.

वहिनी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. केरसुणी फिरली की एका मण्याचे शंभर मणी होतात, ते फरशीच्या सांध्यांत शिरतात आणि केरसुणीबरोबर घरभर फिरतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने आधी माणसं बाहेर काढली. पुतण्याच्या कपड्यांवर, तळपायांवर मणी चिकटलेला नाही हे बघून भावाने त्याला दुसऱ्या खोलीत नेलं. आईनेही चपला तिथेच काढल्या. पंखा बंद झाला, घराकडचं दार लागलं आणि रस्त्याकडच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. मग वहिनीने बांगड्या, अंगठी आणि मंगळसूत्र काढून माझ्या हाती दिलं. पारा सोन्याला लागला की त्यात मुरतो. सोनं पांढरं पडतं आणि ठिसूळ होतं.

एवढ्याशा पाऱ्याची इतकी धास्ती कशाला, असं आईच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ताप मोजायच्या थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ते दीड ग्रॅम पारा असतो. तो डोळ्यांना दिसतो म्हणून आपण त्याच्या मागे धावतो, पण घात करते ती न दिसणारी वाफ. पारा उकळतो ३५७ अंश सेल्सियसच्या आसपास. तरी खोलीतल्या साध्या तापमानालाही त्याची थोडी थोडी वाफ होतच राहते. तिला ना रंग, ना वास. श्वासातून आत गेलेल्या या वाफेचा सुमारे ८० टक्के भाग शरीरात शोषला जातो. मणी जितके बारीक, तितका हवेला उघडा पडलेला पृष्ठभाग जास्त आणि वाफही जास्त. जमिनीवर रांगणाऱ्या, खेळणाऱ्या मुलांचं नाक तर फरशीजवळच असतं.

“आणि तोंडात फुटला असता तर?” आईने दाराआडून विचारलं. ही भीती घरोघरी असते. गिळलेला पातळ पारा आतड्यांतून जवळजवळ शोषलाच जात नाही, बहुतेक सगळा शौचावाटे निघून जातो. अशा वेळी काच टोचण्याची काळजी अधिक. तोंडातले तुकडे काढायचे, चूळ भरायला लावायची, उलटी मुद्दाम काढायची नाही आणि डॉक्टरांना विचारायचं. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र अशा प्रसंगी फोनवर सल्ला देतं.

खोलीत आता वहिनी आणि मी दोघंच होतो. तिने हातमोजे चढवले आणि काचेचे मोठे तुकडे हलक्या हाताने उचलून जाड कागदात गुंडाळले. कपाटातली एक जुनी लग्नपत्रिका फाडून दोन ताठ पट्ट्या केल्या. एका पट्टीने मणी दुसरीवर ढकलायचे, अगदी सावकाश, कडेकडून मध्याकडे. एकमेकांना भिडले की ते आपणहून एक होतात. औषधाच्या ड्रॉपरने तो मोठा मणी ओढून घ्यायचा आणि तळाशी थोडं पाणी घातलेल्या प्लास्टिकच्या बरणीत सोडायचा. दिवा मालवून मी टॉर्च फरशीला टेकवून आडवा धरला, तेव्हा पलंगाच्या पायापाशी आणखी ठिपके लकाकले. ते चिकटपट्टीने टिपले. पट्ट्या, ड्रॉपर, हातमोजे, सगळं एका पिशवीत घालून तोंड घट्ट बांधलं. चादरीच्या घडीतही मणी सापडले, तेव्हा तीही पिशवीत गेली. असं कापड धुलाई यंत्रात टाकलं तर यंत्रात पारा राहतो. व्हॅक्यूम क्लीनर तर त्याहून वाईट, तो पारा तापवून वाफ खोलीभर फेकतो. खोली दुसऱ्या दिवसापर्यंत खिडक्या उघड्या ठेवून रिकामीच ठेवली.

मोरीत ओतून मोकळं होण्याचा मोह अनेकांना होतो. पाण्यातल्या गाळात गेलेल्या पाऱ्याचं सूक्ष्मजीव मिथाइल मर्क्युरी करतात आणि ते माशांत साठत जातं. जपानच्या मिनामाता गावात एका कारखान्याने समुद्रात सोडलेल्या मिथाइल मर्क्युरीमुळे मासे खाणारी माणसं अपंग झाली, मरण पावली. १९५६ साली तो आजार अधिकृतपणे नोंदला गेला.

बरणी कचऱ्याच्या डब्यात टाकणंही वहिनीला मान्य नव्हतं. आमच्याकडचा कचरा घंटागाडीवरच्या ताई उघड्या हातांनी निवडतात. आपल्या नजरेआड झालेला पारा त्यांच्या बोटांपाशी जातो, ही गोष्ट मला त्या संध्याकाळी फार लागली. तमिळनाडूतल्या कोडईकनालमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडलं होतं. तिथल्या थर्मामीटर कारखान्यातली पारा लागलेली काच गावातल्या भंगारवाल्याच्या आवारात सापडली आणि २००१ मध्ये कारखाना बंद झाला. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर घरगुती घातक कचऱ्यात मोजला होता, म्हणजे तो वेगळा ठेवून संकलन केंद्रावरच द्यायचा. वहिनीने बरणीवर ठळक अक्षरांत ‘पारा’ लिहिलं आणि आम्ही ती महापालिकेच्या केंद्रावर नेऊन दिली.

मिनामाताचंच नाव असलेल्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २०१८ पासून सामील आहे आणि असे थर्मामीटर हद्दपार करणं हा त्या कराराचा भाग आहे. पण जुने अजून घराघरांतल्या खणांत पडून आहेत. फुटण्याआधीच ते काढून द्यावेत म्हणून आम्ही इमारतीत दारोदार सांगत फिरलो, आणि अनेकांनी ते डबीसकट आणून दिले. घरात आता डिजिटल थर्मामीटर आला आहे. त्यातली बटणाएवढी बॅटरी लहान मुलाने गिळली तर अन्ननलिका भाजते, म्हणून तो वरच्या फळीवर असतो, आणि संपलेली बॅटरीही त्याच घातक कचऱ्यात जाते.