अपोलो बंदरची वेळ, मुलुंडची खाडी

मुंबईच्या भरती-ओहोटीचा तक्ता अपोलो बंदरचा असतो. तसं त्यावर छापलेलंही असतं. मी मात्र मुलुंडला बसून त्यातले आकडे ठाणे खाडीला लावत राहिलो, आणि वर लोकांना फ्लेमिंगो दाखवायला नेत राहिलो.

पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला सकाळी साडेसातची ओहोटी होती. पाणी ओसरलं की पक्षी चिखलावर चरायला उतरतात, एवढं ज्ञान मला होतं. त्या बळावर सोसायटीतली निम्मी मंडळी, पोरंबाळं आणि उपम्याचे डबे घेऊन भांडुप पंपिंग स्टेशनला पोहोचलो. होडी गाळात बसली होती. तक्त्यातली ओहोटी संपली होती, पण समोरचं पाणी अजून उतरतच होतं. होडीवाला म्हणाला, “दादा, ते कुलाब्याचं टायमिंग. आणि ओहोटीला होडी नेऊ कुठं, चिखलातनं?”

पुढच्या खेपेला भर भरतीला गेलो. होडी झकास चालली. चिखल पाण्याखाली होता आणि पक्षी नवी मुंबईच्या पाणथळींवर विसाव्याला गेले होते. मग खाडीत वेळ उशिरा येते असं कुणीतरी सांगितलं म्हणून तक्त्यात सरसकट पाऊण तास मिळवू लागलो. तेही चूक. भरतीची लाट खोल पाण्यात जलद चालते, उथळ पाण्यात रेंगाळते. भरतीला खाडी खोल असते, म्हणून पाण्याचा माथा त्यामानाने लवकर वर पोहोचतो. ओहोटीला ती उथळ, म्हणून तळ मागे राहतो. उथळ खाडीत पाणी भराभर चढतं आणि सावकाश उतरतं, ते यामुळेच. एकच आकडा दोन्हीकडे मिळवून भागत नाही.

त्यानंतर वेळ साधली, तर नेमकी अष्टमी. कोळ्यांचा हिशेब साधा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा. तो मी पाठ केला होता, पण अष्टमीला भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढउतार, असतो हे त्या हिशेबात येत नाही. मुंबईत उधाणाला पाणी सरासरी साडेतीन मीटरच्या वर चढतं-उतरतं, भांगाला जेमतेम दीड. दूरवरचा चिखल उघडाच पडला नाही आणि जवळच्या चिखलापाशी होडी जाईना. मंडळींनी दुर्बिणीतून गुलाबी ठिपके पाहिले. माझ्या प्रतिष्ठेचं काय झालं, ते सोसायटीच्या ग्रुपवर वाचायला मिळतं.

याच ग्रुपवर मी पावसाळ्यात ‘आज साडेचार मीटर उंच लाटा’ असा इशारा टाकायचो. वृत्तवाहिन्याही टाकतात, पण त्याने माझं अज्ञान कमी होत नाही. तो आकडा लाटेचा नव्हेच. तक्त्यात खोली मोजायला ओहोटीच्या आसपासची एक पातळी शून्य धरतात, तिच्यावर पाणी किती चढणार ते तो सांगतो. समुद्राची सरासरी पातळीच त्या शून्याच्या अडीच मीटर वर असते. लाटा त्यावर वेगळ्या.

सगळ्यात महाग पडलेली चूक पक्ष्यांची नव्हे. २६ जुलै २००५ ला दुपारी चारच्या सुमारास ४.४८ मीटरची भरती होती, आणि सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; मुंबई बुडाली. हे आकडे मला तोंडपाठ. म्हणून पुढे एका पावसाळ्यात ओशिवऱ्याला अडकलेल्या मावसभावाला मी फोनवर ठामपणे सांगितलं, “भरती उलटून अर्धा तास झाला. आता पाणी उतरणारच. नीघ.” तो निघाला.

भरती उलटली म्हणजे पाणी उतरायला लागलं, एवढंच. माथ्याच्या आसपास तर ते हलल्यासारखंही दिसत नाही. ओशिवरा नदी मालाडच्या खाडीला मिळते. खाडीची पातळी नाल्यांच्या तोंडांखाली जाईपर्यंत रस्त्यावरचं पाणी बाहेर पडत नाही, आणि वरून पाऊस चालूच असेल तर आणखी तुंबतं. अर्ध्या तासात खाडी वीतभरही उतरली नसेल. त्याची स्कूटर कमरेइतक्या पाण्यात बंद पडली. इंजिन खोलावं लागलं. खर्च मी देऊ केला, त्याने घेतला. आता निघण्याआधी तो घराजवळच्या नाल्याचं पाणी कुठल्या दिशेने वाहतंय ते बघून येतो. मला फोन करत नाही.