"लिनक्स चालत नाही" म्हणजे नेमके काय चालत नाही?

"या लॅपटॉपवर लिनक्स चालत नाही." दुरुस्तीच्या दुकानात हे वाक्य सर्रास ऐकायला मिळते. ऐकणारा मान डोलावतो आणि नव्या लॅपटॉपसाठी पैशांची जुळवाजुळव सुरू करतो. माझे म्हणणे असे की, हे वाक्य बहुतेक वेळा अर्धवट असते. पूर्ण वाक्य असे आहे : "सध्या जो कर्नल आहे, त्यात या भागाचा ड्रायव्हर नाही." पहिले वाक्य ऐकून माणूस खिशात हात घालतो. दुसरे ऐकून कामाला लागतो.

मित्रांनो, कर्नल म्हणजे प्रोग्राम आणि यंत्राचे सुटे भाग यांच्यामधला दुवा. वाय-फाय, आवाज, स्क्रीन या प्रत्येकाशी बोलण्याचा कोड, म्हणजे ड्रायव्हर, कर्नलमध्येच असतो किंवा मॉड्यूल म्हणून त्याला जोडला जातो. तो नसेल तर चांगला भागही मुकाच राहणार.

२०२१ च्या सुरुवातीला भाचीचे बारावीचे वर्ग ऑनलाइन चालू होते. तिच्यासाठी वापरलेला लॅपटॉप घेतला. त्यावरच्या लिनक्सचा कर्नल ४.१९ होता आणि वाय-फाय दिसतच नव्हते. फोन यूएसबीने जोडला की इंटरनेट मिळे, पण घरात फोन एकच आणि तो घेऊन तिचे वडील सकाळीच कामावर जात. दुकानदार म्हणाला, "कार्ड बदला, नाहीतर लॅपटॉपच बदला." दोन्हींसाठी पैसे नव्हते आणि परीक्षा तोंडावर होती.

'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिली की यंत्रातल्या भागांची यादी मिळते. 'एनएन' हा पर्याय जोडला की प्रत्येकाचा क्रमांकही दिसतो. आमच्या कार्डाचा क्रमांक होता १०ईसी:सी८२१. पहिला अर्धा भाग कंपनीचा, दुसरा चिपचा. चिप निघाली आरटीएल८८२१सीई. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला २०२० साली, ५.९ आवृत्तीत. ४.१९ ही आवृत्ती २०१८ ची. म्हणजे दोष कार्डात नव्हताच. कर्नल ड्रायव्हरपेक्षा दोन वर्षांनी जुना होता!

मग ५.१० चा सोर्स कोड उतरवला. 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' ही आज्ञा त्या क्षणी वापरात असलेली मॉड्यूल्स पाहून बाकीची हजारो वगळते, त्यामुळे साध्या लॅपटॉपवरही काम आटोक्यात येते. यात दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पेन ड्राइव्ह, प्रिंटर, फोन, जे काही वापरता ते आधी जोडून ठेवा, नाहीतर त्यांचे ड्रायव्हरही वगळले जातील. दुसरे, जो ड्रायव्हर जुन्या कर्नलमध्ये नव्हताच तो ही आज्ञा कुठून निवडणार? तो 'मेक मेन्यूकॉन्फिग'मध्ये जाऊन वायरलेसच्या यादीतून हाताने निवडावा लागतो. समोर 'एम' उमटले की तो मॉड्यूल म्हणून तयार होतो.

पुढे 'मेक', 'मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल', 'मेक इन्स्टॉल', याच क्रमाने. या चिपला फर्मवेअरची वेगळी फाइलही लागते. ती नसेल तर ड्रायव्हर असूनही कार्ड उठत नाही. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला कर्नल अडवला जातो. आणि जुना कर्नल कधीही काढू नका. नवा उठला नाही तर सुरुवातीच्या मेन्यूतून जुना निवडून परत येता येते.

रात्री लावलेले काम पहाटे संपले. यंत्र पुन्हा सुरू केले आणि शेजारपाजारच्या वाय-फायची नावे यादीत दिसली. भाचीने त्या दिवशीचा वर्ग फोनशिवाय केला.

कोणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला? आक्षेप रास्त आहे. तयार नवा कर्नल मिळत असेल तर तोच घ्यावा; आम्हाला तेव्हा तो मिळत नव्हता. पण तयार कर्नलही कोणीतरी असाच बनवलेला असतो. बनवणारे कायम दुसरेच आणि आपण कायम वापरणारे, ही वाटणी आपण का मान्य करावी? लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स जाहीर केले आणि १९९२ मध्ये ते जीपीएल परवान्याखाली आणले. हा परवाना सांगतो की, जो तयार प्रोग्राम वाटेल त्याने त्याचा सोर्स कोडही दिला पाहिजे. तो वाचायला, बदलायला, पुढे द्यायला कोणाची शिफारस लागत नाही. म्हणजे हक्क कागदावर आहेच. तो वापरण्यासाठी लागतो तो एक रिकामा दिवस आणि न घाबरता चूक शोधायची तयारी.

म्हणून सांगतो, पुढच्या वेळी कोणी "चालत नाही" म्हणाले, तर त्याला एकच प्रश्न विचारा : "कोणता भाग, आणि त्याचा क्रमांक काय?" उत्तर आले नाही, तर यादी स्वतः काढा. आणि यंत्र चालू झाले की तुमची कॉन्फिग फाइल, भागांचे क्रमांक आणि पायऱ्या वहीत लिहून तसाच लॅपटॉप असलेल्या दुसऱ्या पोराला द्या. त्याचा दिवस तरी वाचेल.