मलाही माहीत नाही गं...

आधीच एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या!

लहानपणी मला दोन देव होते. सकाळी शाळेच्या असेंब्लीत येशूची प्रार्थना, संध्याकाळी आजीबरोबर शुभंकरोति. दोन्ही तोंडपाठ, अर्थ एकाचाही माहीत नाही. शंका काढली की सिस्टर म्हणायच्या, "विश्वास ठेव." आजी म्हणायची, "देवाचं असं विचारू नये."

दहावीत मी एकदम नास्तिक झाले. 'त्या' चार दिवसांत देवघराकडे फिरकायचं नाही, हा आजीचा नियम. मी जाम भांडले. "तुझी पोथी, तुझा देव, सगळं थोतांड आहे!" असं तिच्या तोंडावर बोलले. ती गप्प बसली. पण त्यानंतर माझ्यासमोर तिने कधी पोथी उघडली नाही. मला वाटलं, मी जिंकले.

मग इंजिनिअरिंगसाठी पनवेलला आले. व्हायव्हाच्या दिवशी आमची अख्खी विंग कशी आस्तिक होते, ते होस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. मी मात्र सगळ्यांना हसायचे.

इथेच कळलं की प्रबोधनकार ठाकरे आपल्या पनवेलचे. जन्म १७ सप्टेंबर १८८५. 'देवळांचा धर्म आणि धर्माची देवळे' लिहिणारा माणूस, म्हणजे आपल्याच पार्टीतला! म्हणून त्यांचं आत्मचरित्र 'माझी जीवनगाथा' वाचायला घेतलं. पहिला धक्का बसला तो त्यांच्या आजीचा. शिवाशीव न मानणं हे ते घरातच, तिच्याकडून शिकले होते. दुसरा धक्का म्हणजे, देवळांवर आसूड ओढणाऱ्या याच माणसाने साठी उलटल्यावर गाडगेबाबांचं चरित्र लिहिलं. म्हातारपणी मवाळ झाले की काय? पण गाडगेबाबा कीर्तन करायचे, हातात खराटा घेऊन गावं झाडायचे, आणि लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा बांधल्या. मला वाटतं, प्रबोधनकारांचा राग देवाच्या नावाने चालणाऱ्या धंद्यावर होता, साध्या माणसाच्या भक्तीवर नव्हता.

हा फरक मला पंधराव्या वर्षी कळलाच नव्हता. खरं सांगू? माझं नास्तिकपणही कुठेतरी ऐकलेलं, अर्थ न कळता घोकलेलंच होतं.

गेल्या गणपतीत घरी गेले आणि नेमकी पाळी आली. वाद नको म्हणून बाहेरच्या खोलीत बसले. आरतीच्या वेळी आजी दारात आली. "ये गं आत. तुझ्या आईला मी इतकी वर्षं बाजूला बसवलं. देवाला काय फरक पडला? त्रास झाला तो तिलाच." अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी आजी!

मी आत गेले. टाळ हातात घेतला, पण तोंडातून शब्द फुटेना.

आजीला हल्ली नीट दिसत नाही. सुट्टीत मीच तिला पोथी वाचून दाखवते. मध्येच थांबून विचारते, "आजी, हे खरं असेल?"

आता ती 'विचारू नये' म्हणत नाही. म्हणते, "मलाही माहीत नाही गं. तू वाच पुढे."